काटा काय सांगतो

गेल्या मे महिन्यात निपाणीत माझ्या मामाच्या हातात सोड्याची बाटली फुटली. उजव्या अंगठ्याच्या खाली चार टाके पडले. डोळा वाचला, तो केवळ त्या वेळी मामीनं हाक मारली आणि मामानं मान वळवली म्हणून.

मामाचा सोड्याचा गाळा आहे. गोटीची बाटली, तोच सोडा. अंगठ्यानं गोटी आत ढकलली की ‘टाक्’ आवाज होतो, फेस वर येतो आणि उन्हातून आलेला माणूस डोळे मिटून अर्धी बाटली एका दमात संपवतो. मी शनिवारी बेळगावहून बसनं घरी गेले तेव्हा मामा हाताला पट्टी बांधून गाळ्याच्या पायरीवर बसला होता. मला बघून म्हणाला, “काय ग, तुमच्या कॉलेजात शिकवत्यात का हे? गॅसच बनावट यायला लागलाय. सकाळी बाटली फुटतीया अन् दुपारी सोडा मिळमिळीत.”

पुढचे दोन दिवस मी त्याच प्रश्नात घालवले. वाङ्मय मंडळाच्या अंकात कविता पुष्कळ येतात, येऊ देत. पण रेग्युलेटर नावाच्या पितळी डब्याबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला त्या दोन दिवसांत मिळालं नाही, म्हणून हा लेख. सोड्याच्या गाळ्यात, बिअरच्या पिंपावर, वेल्डिंगच्या शेडमध्ये हाच डबा असतो. घरातल्या गॅसच्या टाकीवरही त्याचाच धाकटा भाऊ बसलेला असतो.

आधी थोडा मागचा इतिहास. सोडा आणि बिअर ही तशी सख्खी भावंडं. जोसेफ प्रीस्टली हा इंग्लंडमधला धर्मगुरू १७६७ मध्ये लीड्स गावी राहायला गेला. त्याच्या घराला लागूनच बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर एक जड वायू साचून राहतो आणि त्यात जळती काडी धरली की विझते, हे त्यानं पाहिलं. तो वायू त्यानं पाण्यात विरघळवला, चव घेऊन बघितली, आणि १७७२ मध्ये हे पाणी कसं करायचं याची पुस्तिकाच छापली. तोच कार्बन डायऑक्साइड. पुढं जेकब श्वेप यानं १७८३ मध्ये जिनिव्हात त्याचा धंदा सुरू केला. गोटीची बाटली आली ती हायरम कॉड या इंग्रजाच्या डोक्यातून, १८७२ च्या पेटंटनं. आतल्या वायूचा दाबच गोटीला गळ्यातल्या रबरी रिंगवर दाबून धरतो. बूच नको, झाकण नको. जपानमध्ये रामुने नावाचं पेय अजून अशाच बाटलीत मिळतं. आणि आपल्या निपाणीत मामा.

बिअरमध्ये यीस्ट स्वतःच वायू तयार करतं. सोड्यात तो बाहेरून भरावा लागतो. मात्र जे लोक घरी बिअर करून ती बाटल्यांऐवजी स्टीलच्या पिंपात ठेवतात, त्यांनाही टाकीतूनच गॅस द्यावा लागतो. म्हणजे मामाचं आणि त्यांचं यंत्र एकच. हे मला ठाऊक असण्याचं कारण माझा मावसभाऊ. तो अमेरिकेत असतो. तिथं १९७९ पासून केंद्राच्या कायद्यानं घरापुरती बिअर करायला मुभा आहे. (मावशी हा अंक वाचत नाही अशी माझी माहिती आहे.) आपल्याकडं तसं करता येत नाही, तेव्हा कुणी हा लेख त्या कामासाठी कापून ठेवू नये.

मामाच्या गाळ्यात मांडणी अशी : एका कोपऱ्यात साखळीनं भिंतीला बांधलेली गॅसची उभी टाकी. तिच्या तोंडावर रेग्युलेटर. त्यावर दोन मीटर, म्हणजे दाब दाखवणारी दोन घड्याळं. एक टाकीतला दाब दाखवतं, दुसरं पुढं पाइपात जाणारा. तिथून जाड पाइप सोड्याच्या यंत्राकडं. यंत्रात गार पाणी भरलेल्या दोन बाटल्या अडकवायच्या, गॅस सोडायचा, हँडलनं गरागरा फिरवायच्या म्हणजे वायू पाण्यात मिसळतो, आणि उलट्या करून सोडवायच्या. उलटं करताच गोटी तोंडाशी येऊन बसते.

टाकीतला दाब इतका असतो की तो थेट बाटलीत सोडला तर बाटलीच काय, माणूसही जागेवर राहणार नाही. वीस अंश तापमानाला साधारण ८३० पौंड. पौंड म्हणजे टायरवाला म्हणतो तेच, एका चौरस इंचावरचा दाब. मोटरसायकलच्या चाकात तीसेक पौंड हवा असते, त्यावरून अंदाज करा. रेग्युलेटरचं काम हा दाब खाली आणायचं, आणि टाकीत काहीही चालू असलं तरी पुढं तेवढाच ठेवायचं.

तो हे कसं करतो? त्याच्या पोटात एक तराजू आहे असं समजा. मधोमध रबराचा किंवा पातळ पत्र्याचा पडदा, त्याला डायफ्राम म्हणतात. पडद्याच्या एका बाजूला स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला पुढं गेलेला गॅस. स्प्रिंग पडदा ढकलते, पडदा एक बारीकशी झडप उघडतो, टाकीतला गॅस आत येतो. पुढचा दाब वाढत जातो आणि पडद्याला उलटा रेटा देतो. दोन्ही रेटे सारखे झाले की झडप आपल्या सीटवर बसते आणि गॅस थांबतो. पुढं कुणी गॅस वापरला की दाब उतरतो, स्प्रिंग जिंकते, झडप पुन्हा उघडते. दिवसभर हे चाललेलं असतं. बाहेरच्या स्क्रूनं आपण फक्त स्प्रिंग कमी-जास्त दाबतो.

हा स्क्रू लोकांना फसवतो. नळ घट्ट केला की पाणी बंद होतं, ही आपल्या हाताची सवय. रेग्युलेटरचा स्क्रू घट्ट केला की स्प्रिंग जास्त दबते आणि दाब वाढतो. बंद करायचं तर ढिला करायचा. माझा पहिला संशय इथंच होता. मामाच्या हाताखालचा पोरगा रात्री गाळा बंद करताना ‘घट्ट बंद’ करत असेल, आणि सकाळी पहिल्या बाटल्यांना भलताच दाब मिळत असेल. त्याला विचारलं तर तो बिचारा म्हणाला, “मी हातच लावत न्हाई ताई, मामा वरडत्यात.” मामानंही दुजोरा दिला. संशय फुकट गेला.

मग मी मामाला विचारलं, टाकीत गॅस किती आहे? त्यानं रुबाबात मोठ्या मीटरकडं बोट केलं. “भरलीया की. काटा बघ, हललेला न्हाई.”

इथं मला आमच्या सरांचा तास आठवला, आणि परीक्षेत लिहिलेली गोष्ट आपल्याला समोर दिसत असून ओळखू येत नाही याची लाजही वाटली. टाकीत कार्बन डायऑक्साइड नुसता वायू म्हणून नसतो. दाबामुळं त्यातला बराचसा द्रव होऊन तळाशी बसलेला असतो. वरचा वायू वापरला की खालचा थोडा द्रव वाफ होतो आणि जागा भरून काढतो. म्हणून टाकीत द्रवाचा शेवटचा पेला उरेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो. तो दाब फक्त तापमानानं बदलतो : वीस अंशाला ८३० पौंड, तीस अंशाला १०४० च्या वर. काटा टाकीचं पोट दाखवत नाही, गाळ्यातलं ऊन दाखवतो. आणि काटा उतरायला लागला की समजावं, द्रव संपला, आता तासा-दोन तासांचा खेळ. एकतीस अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, त्यामुळं निपाणीच्या मे महिन्यातल्या दुपारी हा काटा आणखीच बेभरवशाचा.

तेव्हा टाकीत काय उरलंय ते मीटरच्या काट्याला न विचारता वजनकाट्याला विचारायचं. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. एकूण वजनातून ते वजा केलं की गॅस. शेजारच्या धान्याच्या दुकानात टाकी नेऊन ठेवली, तर ‘भरलेल्या’ टाकीत जेमतेम दोन किलो निघाला. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मागच्या वर्षी भर लग्नसराईत दुपारी दोनला गॅस संपला होता, ते त्याला आठवलं असणार.

पण टाकी संपत आली होती म्हणून बाटली फुटत नाही. आणि सोडा दुपारी मिळमिळीत होण्याचंही ते कारण नव्हतं, कारण पुढचा मीटर दिवसभर सारखाच होता.

दुपारचं कोडं त्यातल्या त्यात सोपं होतं. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, कोमट पाण्यात कमी. साध्या हवेच्या दाबाला दहा अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.२ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो. तीस अंशाला ०.६६ लिटर, म्हणजे निम्म्याच्या जवळपास. दाब वाढवला तर त्या प्रमाणात जास्त विरघळतो, हे विल्यम हेन्रीनं १८०३ मध्ये दाखवलं आणि त्याच्या नावाचा नियम झाला. तापमान आणि दाब, दोन्ही मिळून ठरतं. माझा मावसभाऊ आपल्या पिंपाचं उदाहरण देतो : फ्रिजमध्ये तीन अंशाला बिअरला जेवढा गॅस १२ पौंडांवर मिळतो, तेवढाच वीस अंशाला मिळवायचा तर २८ पौंडांच्या आसपास जावं लागतं. रेग्युलेटर १२ दाखवत असेल तर तो खरंच बोलतोय. पाणी किती गार आहे हे त्याला ठाऊक नाही.

मामा सकाळी बर्फाची लादी आणतो. ती सकाळभर पुरते. दुपारी वीज गेली की कूलरही बंद, पिंपातलं पाणी कोमट. मग गिऱ्हाईक म्हणायचं, “मामा, दम न्हाई आज.” मामा स्क्रू आणखी एक आटा आवळायचा. तेवढ्यानं कोमट पाण्याचं फारसं बरं व्हायचं नाही, मात्र स्क्रू आवळलेला तसाच राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाचं पाणी आणि कालचा वाढवलेला दाब. मला वाटलं, सुटलं कोडं! वहीत आकडे मांडून मामाला दाखवलेसुद्धा.

मामानं वही बघितली आणि एकच प्रश्न विचारला. “मग सकाळच्या सगळ्याच फुटाय पायजेत. पयल्या दोनच का फुटत्यात?”

हा प्रश्न माझ्या सगळ्या वहीपेक्षा भारी होता. फुटलेल्या बाटल्या आठवून बघितल्या तर मागच्या महिन्यात चार. चारही सकाळच्या पहिल्या जोडीतल्या. मामाचं त्यावर जुनं उत्तर होतं, की सकाळी गॅस ताजा असतो. हसू नका; निरीक्षण अगदी बरोबर होतं, कारण तेवढं चुकलं होतं.

रात्री मावसभावाला फोन लावला. तिकडं त्याची सकाळ. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “स्क्रूला हात लावू नका. आधी सगळ्या झडपा बंद करून बघत बसा.” मग त्यानं जी तपासणी सांगितली ती मी इथं जरा सावकाश लिहिते, कारण ती कुणालाही करता येते आणि तिला पाना लागत नाही.

यंत्राकडं जाणारी चावी बंद करायची. टाकीची चावी उघडून दोन्ही मीटर भरू द्यायचे. मग टाकीची चावी बंद करायची. आता रेग्युलेटर आणि पाइप यांच्यात थोडा गॅस कोंडला गेला. तो कुठं जायला नको. दोन्ही काटे कुठं आहेत ते वहीत लिहायचं आणि चहा प्यायला जायचं. पंधरा-वीस मिनिटांनी बघायचं. दोन्ही काटे जागच्या जागी असतील तर सगळं ठीक. दोन्ही खाली उतरले असतील तर गळती बहुधा पुढच्या बाजूला आहे, पाइपात किंवा यंत्राच्या सांध्यात. पुढचा दाब उतरला की झडप उघडते आणि मागचाही गॅस पुढं जातो. स्क्रू पूर्ण ढिला केला असताना नुसता मोठा काटा उतरत असेल आणि लहान हलत नसेल, तर गळती टाकी आणि रेग्युलेटर यांच्या मधल्या सांध्यात. आणि मोठा काटा उतरतोय, लहान मात्र वर चढतोय, असं दिसलं तर आतली झडप सीटवर नीट बसत नाही. गॅस चोरपावलानं पुढं सरकतोय.

एक सावधगिरी : गॅसचा वापर थांबला की लहान काटा किंचित वर जाऊन थांबतो. तो दोष नाही, झडप बसायला तेवढा रेटा लागतो. थांबला तर ठीक, चढतच राहिला तर नाही.

रविवारी सकाळी आम्ही तिघं स्टुलावर बसून ते दोन काटे बघत होतो. मी, मामा आणि हाताखालचा पोरगा. मामीनं विचारलं, “काय टीव्ही लागलाय व्हय?” पाच मिनिटांत लहान काटा आठ-दहा पौंड चढला. वीस मिनिटांत तो अजून चढतच होता. मोठा हळूहळू उतरत होता.

मामा रात्री टाकीची चावी बंद करत नव्हता. कधीच नाही. “रेग्युलेटर हाय की,” असं त्याचं म्हणणं. म्हणजे रात्रभर, आठ-नऊ तास, त्या पाइपात दाब चढत राहायचा. सकाळी पहिल्या दोन बाटल्या यंत्रात लावल्या की पाइपात साठलेला सगळा दाब त्यांच्यातच जायचा. तेवढा गेला की पुढचा दाब स्क्रूवर ठरवलेल्या आकड्याला यायचा, आणि तिसऱ्या बाटलीपासून सगळं सुरळीत. बाटल्याही वर्षानुवर्षं घासून वापरलेल्या, काचेवर ओरखडे. सगळ्या नाहीत, पण एखादी जायचीच.

सकाळी लहान मीटरचा काटा चढलेला कुणाला दिसला कसा नाही? दिसला होता. मामा म्हणाला, “सकाळी काटा वर असतोय, मग आपोआप खाली येतोय.” महिनाभर तो हे बघत होता.

मात्र एक गोष्ट मला अजून कळत नव्हती. असा दाब चढला तर तो बाहेर सोडायला रेग्युलेटरवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. ठरावीक दाबाच्या वर गेलं की तो स्वतः उघडून ‘सुस्स’ करत गॅस सोडतो. मामाच्या रेग्युलेटरवर त्या जागी करड्या लांबीचा गोळा होता. एम-सील.

“हे काय?”

“ते लीक व्हायचं रात्रीचं. सुस्स आवाज यायचा. बंद केलं एकानं लावून, दिवाळीच्या आधी.”

ते लीक नव्हतं. सीट खराब झाल्यावर रेग्युलेटर रोज रात्री ओरडून सांगत होता आणि आम्ही त्याचं तोंड लांबीनं बंद केलं. मी हे मामाला जरा जास्तच जोरात बोलले. तो पट्टीवरून दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत राहिला. नंतर मला वाईट वाटलं. आवाज येतो म्हणजे गळती, गळती म्हणजे नुकसान, हा हिशेब कुणाचाही झाला असता. माझाही.

सोमवारी रेग्युलेटर पिशवीत घालून मी बेळगावला आणला. उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारी पुष्कळ वर्कशॉपं आहेत. तिथल्या माणसांचा जन्म व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यातच गेलेला असतो. एका काकांनी तो उघडला. (घरी उघडू नका. आतली स्प्रिंग दाबलेली असते, आणि पुन्हा जोडलेल्या रेग्युलेटरवर टाकीचा दाब येणार असतो.) नायलॉनच्या सीटवर गोल खाच पडली होती आणि खाचेत गंजाचा एक कण रुतलेला होता, तिळाच्या चौथाईएवढा. टाकीच्या तोंडातून आलेला. म्हणून टाकी जोडायच्या आधी तिची चावी क्षणभर किलकिली करून तोंडातली धूळ उडवायची, बाजूला उभं राहून. काकांनी हे मला मराठीत सांगितलं आणि हाताखालच्या माणसाला तीच गोष्ट कन्नडमध्ये, शिव्या मिसळून.

सीट बदलून देऊ का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सीट बदलीन, पण ज्याच्या सेफ्टीवर कुणी लांबी लावलीय तो रेग्युलेटर मी परत देणार नाही. नवीन घ्या. घेतला. त्या आठवड्याची कमाई त्यात गेली.

नवीन बसवताना आणखी एक गळती सापडली, तीही जुनी. टाकी आणि रेग्युलेटर यांच्या सांध्यात चपटा वायसर असतो, सील तोच करतो. मामानं आट्यांवर टेफलॉन टेपचे सात-आठ वेढे दिले होते आणि आत वायसर चिरलेला. या सांध्यात आटे फक्त आवळून धरतात; टेप लावून उपयोग नाही, उलट नट पूर्ण बसत नाही. नवा वायसर घातला, साबणाचा फेस ब्रशनं लावला, बुडबुडा आला नाही. वायसर काही रुपयांना मिळतो, आणि त्याच्यापायी किती टाक्या रात्रीतून हलक्या झाल्या असतील ते मामानं मोजायला नको म्हटलं.

त्यावरून आठवलं. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो. हवेत एरवी तो ०.०४ टक्के. बंद खोलीत गळून काही टक्क्यांवर गेला की डोकं दुखतं, धाप लागते. दहा टक्क्यांच्या आसपास माणूस शुद्ध हरपून पडतो. रंग नाही, आणि घरच्या गॅसला असतो तसा वासही नाही. तो खाली साचतो. सोड्याच्या गाळ्यात रात्री कुणी जमिनीवर झोपत असेल तर त्याला आजच दुसरीकडं झोपायला सांगा. मामाचा पोरगा उन्हाळ्यात कधीकधी तिथंच झोपायचा. आता झोपत नाही, आणि सकाळी शटर वर केलं की दहा मिनिटं बाहेर थांबायचं असं ठरलंय.

उरुसातल्या एका तक्रारीचंही उत्तर यात मिळालं. गर्दीत सलग बाटल्या भरत असताना रेग्युलेटर पांढरा पडायचा, बर्फ धरायचा, आणि गॅस यायचा अडखळत. मामा त्याच्यावर उकळतं पाणी ओतायचा. दाबातून सुटलेला वायू पसरताना गार होतो. फार वेगानं घेतला तर आत कोरड्या बर्फाचे कण तयार होऊन वाट अडवतात. रेग्युलेटर बिघडलेला नसतो, दमलेला असतो. दहा मिनिटं थांबायचं, किंवा दोन टाक्या आलटूनपालटून वापरायच्या. वेल्डिंगवाले याचसाठी विजेचा हीटर असलेला रेग्युलेटर वापरतात. टाकी मात्र कायम उभी हवी. आडवी झाली की वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो.

आता दुपारचा मिळमिळीत सोडा. त्यावर यंत्राचा इलाज नाही, बर्फाचाच आहे. मामानं दुपारची दुसरी लादी सुरू केली आणि पाण्याच्या पिंपात थर्मामीटर टाकला, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळतो तो. पाणी बारा अंशांच्या वर गेलं की बाटल्या भरायच्या नाहीत. स्क्रूवर त्यानं रंगाचा ठिपका लावलाय. ठिपका हलला तर कुणी हलवला याची चौकशी होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सौंदलग्याच्या एका लग्नाची ऑर्डर होती, चारशे बाटल्या. आधीच्या तक्रारींमुळं ती जवळजवळ हातची गेली होती. मुलीच्या बापानं शेवटी जुनी ओळख म्हणून दिली. मी परीक्षा संपवून मदतीला गेले. पहाटे साडेचारला मामानं टाकीची चावी उघडली. लहान काटा ठिपक्याच्या आकड्याला येऊन थांबला. आम्ही दोघंही तो हलतो का बघत थोडा वेळ उभे राहिलो. मग त्यानं पहिली जोडी यंत्रात लावली, फिरवली, उलटी केली.

बाहेर काढताना मात्र त्यानं दोन्ही बाटल्यांवर गोणपाट टाकलं, आणि मला म्हणाला, “तू जरा मागं सर.”